खेळाचं दप्तर : सात नंबर म्हणजे नेमका किती?



या आठवड्यात टपालाच्या गठ्ठ्यात एक पाकीट होतं. त्याच्या कोपऱ्यावर सोनेरी रंगाचा अख्खा अंगठा उमटला होता! शिक्का पाहायच्या आधीच मी ओळखलं, हे पत्र हमरापूरचं. पनवेल-रोहा रेल्वेने गेलात तर पेणच्या अलीकडचं स्टेशन म्हणजे हमरापूर. 'पेणचे गणपती' म्हणून आपण जे घरी आणतो, त्यांतले कितीतरी हमरापूर, जोहे अशा शेजारपाजारच्या गावांत घडतात. घरोघरी कारखाना, आणि कारखान्यात ओळीने मांडलेले बाप्पा.

पत्र लिहिणारा दोस्त सातवीत आहे. नाव छापू नका, असं त्याने दोनदा बजावलंय. तेव्हा नाव माझ्यापाशीच राहू दे. पत्रातला महत्त्वाचा भाग मात्र वाचून दाखवतो :

'माझा मामा गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम करतो. त्याने मला तीन जुन्या काठ्या दिल्या आहेत. एक सात नंबर, एक नऊ नंबर आणि एक पटर. भात निघालं की मी खाचरात खेळतो. सात नंबरने माझा चेंडू ८० पावलं जातो, नऊ नंबरने ६६ पावलं. मामा ५० पावलांवर घमेलं ठेवतो आणि त्यात टाक म्हणतो. तिथे माझं काही जमत नाही. एकतर पार पलीकडे जातो, नाहीतर आधीच पडतो. गेल्या महिन्यात मामाच्या ओळखीच्या एका साहेबांची नवीकोरी सात नंबर मारून पाहिली. चेंडू चक्क ९० पावलं गेला! आता मला तसा नवा सहा काठ्यांचा सेट हवा आहे. बाबा म्हणाले, यंदा सीझन बरा झाला तर बघू. पण ताईच्या कॉलेजची फी पण भरायची आहे. मी हट्ट धरू की नको? तुम्हीच सांगा.'

पाहिलंत? प्रश्न काठ्यांचा आहे, पण त्यात बाबांची वर्षभराची कमाई आहे, ताईची फी आहे, आणि दोस्ताची खेळण्याची हौसही आहे. अशा प्रश्नाला 'घेऊन टाक' किंवा 'नको घेऊस' असं एका ओळीत उत्तर देणं बरं नव्हे. म्हणून आज सगळं पान त्याच्यासाठी. आणि तुमच्यासाठीही, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी गोल्फची काठी हातात धरलेली नसली, तरी 'नंबर'ला फसलेले तुम्ही सगळेच आहात. कसे, ते सांगतो.

आधी कारखान्यात जाऊ

हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवणाऱ्या कारागिराला कधी पाहिलंय? या कामाला 'आखणी' म्हणतात. हात थरथरला की संपलं! त्या कारागिरापुढे ब्रशांचा डबा असतो. प्रत्येक ब्रशच्या दांडीवर नंबर छापलेला असतो. शून्य, एक, दोन, तीन... पण मुरलेला कारागीर नंबर वाचत बसत नाही. ब्रश ओला करतो, टोक जुळवतो, अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहतो, आणि मगच ठरवतो.

असं का? कारण एका कंपनीचा दोन नंबर दुसऱ्या कंपनीच्या तीन नंबरएवढा जाड असू शकतो. ब्रशच्या नंबरांचं जगभर एकच असं माप नाही. तुमच्या बुटांचंही तसंच. एका दुकानात पाच नंबर नीट बसतो, दुसऱ्या दुकानात तोच पाच नंबर अंगठ्याला चावतो. पाय तोच, नंबर तोच, बूट मात्र वेगळा!

नंबर म्हणजे नाव. नाव म्हणजे माप नव्हे. एवढं वाक्य लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे.

तिरकं तोंड

आता गोल्फच्या काठ्यांकडे वळू. ज्यांची डोकी पातळ, पोलादी असतात त्यांना 'आयर्न' म्हणतात. चेंडूला जी सपाट बाजू लागते ते काठीचं तोंड समजा. हे तोंड सरळ उभं नसतं, मागे झुकलेलं असतं. हा झुकाव म्हणजे 'लॉफ्ट'. तो अंशांत मोजतात. तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक मोजतो, तेच अंश.

झुकाव कमी असेल, तर माराचा जोर चेंडूला पुढे ढकलण्यात जातो. चेंडू खालून, वेगाने, लांब पळतो. झुकाव जास्त असेल, तर जोराचा बराच भाग चेंडू वर उचलण्यात आणि त्याला उलट गिरकी देण्यात खर्च होतो. चेंडू उंच चढतो, जवळ पडतो आणि पडल्यावर फारसा घरंगळत नाही. क्रिकेटमध्ये सरळ बॅटचा ड्राइव्ह आणि बॅट तिरकी करून यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून उचललेला स्कूप आठवा. जोर तोच, पण कोन बदलला की चेंडूची वाट बदलते.

गोल्फमध्ये खेळाडूने दर वेळी जोर कमीजास्त करायचा नसतो. तो शक्यतो सारख्याच लयीत काठी फिरवतो आणि अंतराप्रमाणे काठी बदलतो. म्हणून तर पिशवीत इतक्या काठ्या! नंबर लहान, तर झुकाव कमी आणि दांडी लांब. नंबर मोठा, तर झुकाव जास्त आणि दांडी आखूड. आयर्नच्या पुढे जास्त झुकावाच्या 'वेज' येतात, आणि चेंडू हलकेच भोकात ढकलायला 'पटर'.

पण पिशवीत हव्या तेवढ्या काठ्या भरता येत नाहीत बरं का! पूर्वी काही खेळाडू वीस-पंचवीसहून जास्त काठ्या घेऊन फिरत. बिचाऱ्या कॅडीच्या खांद्याचं काय होत असेल? १९३८ साली अमेरिकेत आणि १९३९ साली ब्रिटनमध्ये नियम झाला, की जास्तीत जास्त १४ काठ्या. तो आजही आहे. म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूलाही हाच प्रश्न पडतो, कोणती ठेवू आणि कोणती काढू?

नंबराची चलाखी

एके काळी या काठ्यांना नंबर नव्हतेच. मॅशी, निब्लिक, क्लीक अशी गमतीदार नावं होती. पुढे १९२०-३०च्या सुमाराला कारखान्यांत एकसारखे संच बनू लागले आणि नावं जाऊन नंबर आले. मात्र सात नंबरचा झुकाव इतकाच हवा, असा नियम कुणीच केला नाही. आजही नाही.

त्याचा परिणाम पाहा. १९९०च्या सुमाराच्या बऱ्याच संचांत सात नंबरचा झुकाव ३५-३६ अंश आणि नऊ नंबरचा ४३-४४ अंश असे. आज 'लांब मारणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांत सात नंबरचा झुकाव २८ ते ३० अंशच असतो. म्हणजे पूर्वीच्या सहा नंबरपेक्षाही कमी, जवळजवळ पूर्वीच्या पाच नंबरएवढा. काठीवर मात्र ठळक '७' कोरलेला!

आता लगेच 'फसवणूक, फसवणूक' म्हणून ओरडू नका. यात थोडं विज्ञानही आहे. नव्या काठ्यांच्या डोक्याचं वजन खाली आणि कडांकडे नेलेलं असतं. त्यामुळे चेंडू पूर्वीपेक्षा सहज वर चढतो आणि काठीच्या मधोमध लागला नाही तरी फार वाकडा जात नाही. चेंडू जास्तच उंच जायला लागला म्हणून झुकाव कमी केला, असं कारखानदार म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण दुकानात सात नंबर हातात घेतलेल्या माणसाला 'वा, माझा चेंडू लांब गेला!' असं वाटलं की काठी खपते, हेही तितकंच खरं.

आपल्या दोस्ताच्या आकड्यांवरच हिशोब करून पाहू. वही-पेन्सिल घ्या.

मामाच्या जुन्या काठ्या मी पाहिलेल्या नाहीत. म्हणून त्या काळातले नेहमीचे आकडे धरू. सात नंबर ३६ अंश, नऊ नंबर ४४ अंश. फरक ८ अंश. अंतर ८० आणि ६६ पावलं. फरक १४ पावलं. १४ भागिले ८, म्हणजे एका अंशाला पावणेदोन पावलं.

आता साहेबांची नवी सात नंबर ३० अंशांची धरा. जुन्या सातपेक्षा ६ अंश कमी. ६ गुणिले पावणेदोन म्हणजे साडेदहा पावलं. आणि चेंडू किती जास्त गेला होता? १० पावलं!

आलं लक्षात? नव्या काठीची जी जादू वाटली, ती जवळपास सगळी कोनाची होती. खऱ्या खेळात हिशोब इतका चोख जुळत नाही. दांडीची लांबी, वजन, वारा, हात सगळं मध्ये येतं. पण गंमत कुठे आहे, ते कळायला हा पुरेसा आहे. दोस्ता, तू ९० पावलं मारलीस ती सात नंबरने नव्हे, तर सात असं नाव घेतलेल्या दुसऱ्याच काठीने.

जिन्याची पायरी

शाळेच्या जिन्याच्या पायऱ्या आठवा. सगळ्या सारख्या उंचीच्या असतात, म्हणून आपण न बघता धडाधड उतरतो. त्यातली मधली एकच पायरी काढून टाकली तर? धडपडणारच! काठ्यांची पिशवी म्हणजे असाच जिना. प्रत्येक काठी एक पायरी. सर्वांत वरची पायरी किती उंच, यापेक्षा दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखं आहे का, हे महत्त्वाचं.

नव्या संचांत नेमकी इथेच एक पायरी गळते. सगळ्या आयर्नचा झुकाव कमी झाला, तसा त्यांच्यासोबत येणाऱ्या पिचिंग वेजचाही झाला. पूर्वी ती ४८ अंशांच्या आसपास असे, आता पुष्कळदा ४३-४४ असते. पण वाळूतून चेंडू काढायची सँड वेज ५४ ते ५६ अंशांवरच राहिली. म्हणजे मध्ये दहा-बारा अंशांचं भगदाड! ते बुजवायला कारखान्यांनी साधारण ४८ ते ५२ अंशांची आणखी एक वेज काढली. तिला 'गॅप वेज' म्हणजे सरळसरळ 'खिंडार बुजवणारी' असंच नाव पडलं आहे. आधी पायरी काढायची आणि मग ती वेगळी विकायची. आहे की नाही मजा!

आता आपल्या दोस्ताचा जिना मांडू. सध्या त्याच्या पायऱ्या आहेत ८० आणि ६६. त्याखाली काहीच नाही, एकदम पटर. आणि मामाचं घमेलं कुठे असतं? ५० पावलांवर. म्हणजे तुझं काही चुकत नाही रे बाबा! तिथे तुझ्याकडे पायरीच नाही.

नुसती नवी सात नंबर घेतली आणि जुनी ठेवून दिली तर? पायऱ्या होतील ९० आणि ६६. मधलं अंतर १४ वरून २४ झालं. म्हणजे पैसे देऊन खड्डा विकत घेतला.

बरं, सहा काठ्यांचा पूर्ण संच घेतला तर? अशा संचात साधारण पाच ते नऊ नंबर आणि पिचिंग वेज येते. पिचिंग वेजचा झुकाव ४४ धरा. म्हणजे ती मामाच्या जुन्या नऊ नंबरची जुळी बहीण. नऊ नंबर ३९ अंशांची, तिने चेंडू जाईल पाऊणशे पावलांच्या आसपास. आठ नंबरने ८३, सातने ९०. पायऱ्या जेमतेम सात ते नऊ पावलांच्या. पण एकाच काठीने दहा चेंडू मारलेस, तर तेच तुझे दहाबारा पावलांच्या पट्ट्यात इकडेतिकडे पडत असतील. मग आठ आणि नऊ नंबरातला फरक तुला कळणार तरी कसा? राहिल्या पाच आणि सहा नंबर. कमी झुकावाच्या काठीने चेंडू उचलायला काठीचा वेग भरपूर लागतो. सातवीतल्या मुलाचा तेवढा वेग नसतो. त्यामुळे लहान मुलांचा पाच नंबर बहुधा सहा नंबरच्याच पुढेमागे पडतो, कधी तर अलीकडे.

म्हणजे सीझनची कमाई खर्च करून सहा काठ्या आल्या, आणि ५० पावलांवरचं घमेलं तसंच रिकामं! गोल्फमधले बरेचसे फटके शेवटच्या जवळच्या अंतरातच जातात. मामालाच विचार, तो रोज पाहतो.

मोजलं की कळतं

मोजण्यावरून एक गोष्ट आठवली. ६ फेब्रुवारी १९७१. अपोलो १४ या यानातून ॲलन शेपर्ड चंद्रावर उतरले होते. चंद्रावरची माती गोळा करायच्या अवजाराच्या दांड्याला त्यांनी चक्क सहा नंबर आयर्नचं डोकं बसवलं आणि दोन चेंडू मारले. अंतराळवीराचा पोशाख इतका जाड आणि ताठ, की एकाच हाताने काठी फिरवावी लागली. चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश. दुसरा चेंडू मैलोगणती गेला, असं शेपर्ड मजेत म्हणाले आणि जगाने ते कौतुकाने लक्षात ठेवलं. पन्नास वर्षांनी, २०२१ साली, जुन्या छायाचित्रांवर नव्या पद्धतीने काम करून कुणीतरी ते अंतर मोजलं. किती भरलं? सुमारे ४० यार्ड, म्हणजे ३६-३७ मीटर. आपला हमरापूरचा दोस्त खाचरात याहून लांब मारतो!

म्हणून दोस्ता, हट्ट धरायच्या आधी मोज. कसं, ते सांगतो. बाकीच्यांनीही नीट वाचा. चेंडूफेक, गोफण, कागदी विमान, कशालाही ही रीत चालेल.

१. आधी आपलं पाऊल मोजा. शाळेच्या मैदानावर १०० मीटरची आखलेली धाव असते. ती नेहमीच्या चालीने चाला आणि पावलं मोजा. १५० पावलं झाली, तर तुमचं एक पाऊल ६७ सेंटिमीटरचं. (मग ८० पावलं म्हणजे किती मीटर? काढा पाहू!)

२. प्रत्येक काठीने दहा चेंडू मारा. जोर लावून नव्हे, नेहमीच्या लयीत. चेंडू जिथे पहिल्यांदा जमिनीवर टेकतो ती जागा धरा. खाचर टणक असतं, धसकटंही असतात. चेंडू टेकल्यावर घरंगळत कुठे जाईल त्याचा नेम नाही. एका मित्राला लांब बाजूला उभं करून त्याला पाहायला सांगा.

३. सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत जवळचे दोन सोडून द्या. उरलेल्या सहांची सरासरी काढा. आपण सगळेच 'माझा चेंडू ९० जातो' म्हणताना आयुष्यातला एकच सुंदर फटका आठवतो. सरासरी तसं करत नाही.

४. झुकाव मोजा. काठी सपाट फरशीवर तळ टेकून ठेवा. दांडी पुढे-मागे कलू देऊ नका. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करा आणि तोंडाशेजारी धरा. उभा दोरा आणि तिरकं तोंड यांमधला कोन कोनमापकाने मोजा. एकदोन अंशांची चूक होईल, पण दोन काठ्यांतला फरक नक्की कळेल.

५. सगळं एका कागदावर उतरवा. काठी, झुकाव, अंतर. पायरी कुठे गळली आहे, ती आपोआप दिसेल. तेवढीच भरायची.

आणि एक सक्त ताकीद! गोल्फचा चेंडू दगडासारखा टणक असतो. समोर माणूस, गुरं, रस्ता किंवा घर असेल तर काठी उचलायचीच नाही. काठी फिरवणाऱ्याच्या मागे आणि बाजूला चार-पाच पावलांत कुणी उभं राहायचं नाही. शेजारच्या खाचरात वाल पेरला असेल, तर तिकडे तोंड करायचं नाही. आणि मामा किंवा दुसरं कुणी मोठं माणूस सोबत हवंच.

मग घ्यायचं काय?

तुझ्याच आकड्यांनी पाहू. पायरी १४ पावलांची, म्हणजे ८ अंशांची. नऊ नंबरच्या ४४ मध्ये ८ मिळव. ५२ अंशांची वेज. अंतर ६६ वजा १४, म्हणजे ५२ पावलं. आलं ना घमेलं टप्प्यात? त्याहून जवळ मारायचं असेल, तर तीच काठी अर्धीच मागे नेऊन मारायला शिक.

वरच्या बाजूला ३६ मधून ८ वजा केले की २८. तेवढ्या झुकावाची 'हायब्रिड' नावाची फुगीर डोक्याची काठी घेता आली तर उत्तम. आयर्नपेक्षा तिने चेंडू सहज वर चढतो. पण ती नंतर. आधी वेज.

म्हणजे सहा नव्या काठ्यांऐवजी एक, फार तर दोन. त्याही जुन्या, वापरलेल्या चालतील. मामाला मैदानावर विचारायला सांग. एक गोष्ट मामाला ठाऊक असेलच, ती म्हणजे आयर्न आणि वेजचा झुकाव जाणकाराकडून यंत्रावर एकदोन अंश वाकवूनही घेता येतो. घडीव पोलादाची काठी सहज वाकते, ओतीव जरा नाठाळ असते. नेमकी ५२ मिळाली नाही आणि ५१ किंवा ५३ मिळाली, तरी रडायचं कारण नाही.

आणि कमी काठ्यांची लाज वाटत असेल, तर ऐक. स्पेनचा सेव्ह बायेस्तेरोस लहानपणी आपल्या गावाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच तीन नंबर आयर्नने खेळायचा. जवळचा, लांबचा, उंच, बुटका, सगळे फटके त्या एकाच काठीतून काढायचा. पुढे तो ब्रिटिश ओपन ही मानाची स्पर्धा तीन वेळा जिंकला. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी असलेले अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकले, आणि १९९३ साली पुन्हा जिंकले. कोलकात्याचे एस. एस. पी. चौरसिया हे मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. त्यांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा हीच स्पर्धा जिंकली. आपल्या मुंबईत चेंबूरच्या वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये कॅडींनी आणि मुलांनी लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या आणि प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ मांडला. गल्ली अरुंद, दोन्हीकडे घरं आणि पत्रे. तिथे लांब मारणाऱ्याचा काय उपयोग? हव्या त्या ठिकाणी टाकणारा जिंकतो!

आणखी एक. मैदान पाहायची इच्छा असेल, तर फार लांब जायला नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातल्या खारघरला डोंगराच्या कुशीत सिडकोने गोल्फचं मैदान केलं आहे. मामाबरोबर एकदा जाऊन ये. आणि गेलास की लांब मारणाऱ्यांकडे पाहू नकोस. हिरवळीच्या जवळ आल्यावर लोक काय करतात, ते पाहा.

आई-बाबांसाठी चार ओळी

आपल्याकडे गणवेश घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. दोन वर्षं पुरला पाहिजे! गणवेशाला ते ठीक आहे. हाताची बाही दुमडता येते, काठी दुमडता येत नाही. फार लांब आणि जड काठीने मूल खेळलं, तर ते तोल सांभाळायला वाकडं फिरतं, आणि तीच सवय अंगात भिनते. मोठ्यांची काठी कापून आखूड करतात, पण तिचा जडपणा आणि ताठपणा कापला जात नाही. म्हणून मुलांच्या उंचीच्या हलक्या दांडीच्या, मोजक्याच काठ्या घ्याव्यात. लहान मुलांना चार-पाच पुरतात. मूल वाढलं की त्या दुसऱ्या मुलाला द्याव्यात. हट्ट सरळ मोडूही नये आणि सरळ पुरवूही नये. 'मोजून दाखव, मग बोलू', एवढं म्हणावं. जे मूल दहा-दहा चेंडू मारून, पावलं मोजून, सरासरी काढून कागद समोर ठेवील, त्याची हौस खरी आहे असं खुशाल समजावं.

तर दोस्ता, हा अंक बाबांना दाखव, मामालाही दाखव. ताईची फी भरली जाऊ दे. तुझी पायरी त्यानंतर उरलेल्या थोड्या पैशांतही भरून निघेल. आणि घमेल्यात पहिला चेंडू पडला, की त्या दिवशी मला पत्र टाकायला विसरू नकोस. पाकिटावर सोनेरी अंगठा हवाच!

करून पाहा

एका पिशवीत ४४ अंशांची आणि ५६ अंशांची अशा दोन वेज आहेत. मध्ये एकच काठी घ्यायची आणि दोन्ही पायऱ्या सारख्या करायच्या. किती अंशांची घ्याल? आणि मध्ये दोन काठ्या घेतल्या तर? ज्यांना गोल्फ नको, त्यांनी घरातल्या सगळ्यांचे बूट-चपला काढून नंबर आणि पट्टीने मोजलेली लांबी लिहावी. एकच नंबर आणि लांबी वेगवेगळी, अशा किती जोड्या सापडतात ते कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात!